नानांच्या वहीतली कॉलनी

घर बघायला गेले त्या दिवशी नानांनी खोल्या दाखवायच्या आधी मला ओरडायला लावलं.

"वर जा, गॅलरीत उभी राहा. मी कोपऱ्यावर पोचलो की हाक मार," ते म्हणाले.

"काय म्हणून?"

"नाना म्हण. बठ्ठा लोके तेच म्हणतस."

मी नोकरीसाठी चोपड्याहून जळगावला आले होते. एकटी बाई म्हणून तीन घरमालकांनी आधीच नाही म्हटलेलं. त्यामुळे हा म्हातारा जे म्हणेल ते करायची तयारी होती. गॅलरीतून मी हाक मारली. ते कोपऱ्यावर कानामागे हात धरून उभे राहिले, परत आले आणि म्हणाले, "ऐकू येतं. पण जोर कमी आहे. गरज पडली तर याच्यापेक्षा मोठ्यानं ओरडायचं. आता खोल्या बघ."

रात्री फोनवर हे सांगितल्यावर आई घाबरली. "बायको नाही, मुलगा पुण्याला, आणि म्हातारा पोरींना ओरडायला लावतो? दुसरं घर बघ." दुसरं घर मिळत नव्हतं, म्हणून राहिले. पण आईची शंका बरोबर घेऊनच राहिले. खालच्या मजल्यावरून जाताना मी कायम दुपट्टा सावरायची, आणि त्यांच्या दाराकडे न बघता बघायची.

नाना मूळचे धुळ्याचे, जुन्या शहरातल्या नंबरांच्या गल्लीतले. नोकरी सगळी मोजणी खात्यात गेली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बांधांची भांडणं मोजली, त्यामुळे माणूस खरं बोलतो यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता. "चाळीस वर्षांत मला एक जण भेटला नाही, ज्याचा बांध दुसऱ्याच्या शेतात गेला होता आणि त्याला ते माहीत होतं. सगळ्यांचा बांध आपोआप सरकतो," असं म्हणायचे. कॉलनीतही शर्टाच्या खिशात टेप असायचीच. कुणी घरापुढे पायरी वाढवली, कुणी रस्त्यावर फुलझाडांची कुंडी ठेवली, की दुसऱ्या दिवशी नाना तिथे वाकलेले दिसायचे. बोलायचे काही नाहीत, मोजायचे आणि जायचे. लोकांना बोलण्यापेक्षा त्याचाच राग जास्त यायचा.

धुळ्याचा मात्र त्यांना अभिमान. "आमच्या गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. नाव दिलं की गल्लीला मालक सापडतो." आमच्या कॉलनीच्या पाटीवर 'निसर्गरम्य' असा शब्द होता. तो त्यांना फार खुपायचा. मुख्य रस्त्यावर बिल्डरनं दोन्ही बाजूंनी शोभेचे पाम लावले होते. मे महिन्यात, जळगावात दुपारी कावळासुद्धा बाहेर पडत नाही अशा उन्हात, नानांनी मला एका पामखाली उभं केलं. "सावली कुठं आहे तेवढं दाखव," म्हणाले. सावली माझ्या चपलेएवढी होती. "म्हणजे हे झाड माणसासाठी नाही, फोटोसाठी आहे. ज्यानं लावलं त्याला इथं राहायचं नव्हतं. जिथं असं दिसेल तिथं समजायचं, काहीतरी लपवलंय."

त्यांच्या घराचं कंपाउंड गुडघ्याएवढंच होतं. सगळ्या कॉलनीत भिंती पुरुषभर उंच, वर काचा नाहीतर तारा, आणि या संशयी माणसाची भिंत मात्र अशी की कुत्रंही सहज उडी मारेल. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "चोर भिंतीला भीत नाही, बघणाऱ्याला भितो. भिंत उंच केली तर मला कोण बघणार?"

त्या भिंतीच्या पलीकडे आबा राहायचे. एसटीत ड्रायव्हर होते, बोदवडकडचे. दोघांनी प्लॉट एकाच वर्षी घेतले, घरं एकाच वर्षी बांधली. रोज चार वाजता आबा आपल्या बाजूनं आणि नाना आपल्या बाजूनं त्या मधल्या बुटक्या भिंतीवर बसायचे. चहा एक दिवस इकडून, एक दिवस तिकडून. वीस वर्षांत नानांनी ज्याच्यावर शंका घेतली नाही असा कॉलनीतला तो एकमेव माणूस. आबा हसत सांगायचे, "ताई, याला माझा विश्वास वाटतो कारण मी ड्रायव्हर. याच्या मते कंडक्टर लबाड असतो."

आमच्या कॉलनीत यायला दोन वाटा होत्या. एक मुख्य रस्ता. रुंद, पेव्हर ब्लॉकचा, दिव्यांचे खांब असलेला. तो हायवेच्या रिक्षा स्टॉपवरून बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीजवळून वळून यायचा. दुसरी वाट मागची. शेजारच्या वस्तीतून येणारा एक अरुंद बोळ. तिथे एक जुना निंब, त्याच्याखाली चहाची टपरी, सार्वजनिक नळ, आणि संध्याकाळी तीन-चार बायका भाजी घेऊन बसलेल्या. पाहुणे आले की कॉलनीवाले मुख्य रस्त्यानं आणायचे. बोळाचं नाव काढताना आवाज खाली घ्यायचे.

संध्याकाळी नाना प्लॅस्टिकची खुर्ची उचलून घराबाहेर पडायचे. कधी गिरणीच्या कोपऱ्यावर, कधी बोळाच्या तोंडाशी, कधी ओपन स्पेसच्या कडेला खुर्ची टाकायची आणि बसायचं. मांडीवर एक लांबट वही. कुणी जवळ गेलं की वही मिटायची. ती वही फक्त आबांनी बघितलेली होती. "काय लिहितात हो?" मी आबांना एकदा विचारलं. आबा म्हणाले, "मोजणी. रिटायर झाला तरी सुटत नाही त्याची."

मला ते उत्तर पुरलं नाही. मी ऑफिसातून यायचे तेव्हा कुठल्या तरी वळणावर ती खुर्ची असायचीच. मी जवळून गेले की पेन हलायचं. हे माझ्या मनाचे खेळ आहेत असं मी स्वतःला महिनाभर सांगितलं.

मग एके दिवशी वही मला जिन्यात सापडली. नाना खालच्या पायरीवर बसले होते, आत फोन वाजला म्हणून उठून गेले. मुलाचा फोन, म्हणजे दहा मिनिटं. मी उघडली. मोजणीदाराचं बारीक, सरळ रेषेतलं अक्षर.

"वरची. सहा पन्नास. गिरणीकडून, एकटी. कोपऱ्यापासून पाय उचलले. मागे वळून दोनदा बघितलं."

पान उलटलं. "वरची. सात पाच. बोळातून. पाय नेहमीसारखे. मेथी घेतली." पुन्हा, "वरची. गिरणीकडून. पाय उचलले. पर्स पुढे घेतली."

माझ्यासारख्या आणखी बायका होत्या. प्लॉट नंबरांनी लिहिलेल्या. पण मी तेव्हा फक्त स्वतःला वाचत होते. वही होती तशी ठेवली आणि वर जाऊन कडी लावली. त्यांना विचारायला हवं होतं. एक जिना उतरून 'नाना, हे काय?' एवढंच विचारायचं होतं. मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी कॉलनीच्या अध्यक्षांच्या बायकोला सांगितलं.

वेळ अशी होती की सांगितलेलं काहीही पेटलं असतं. आठवड्यापूर्वीच कॉलनीतल्या एका बाईंच्या गळ्यातली पोत सकाळी फिरताना मोटारसायकलवरच्या दोघांनी ओढून नेली होती. चोरी मुख्य रस्त्यावर झाली, पण बोट सगळ्यांनी बोळाकडे केलं. व्हॉट्सअॅप ग्रुपवर ठरलंही, की बोळ भिंत घालून बंद करायचा, मुख्य रस्त्याला गेट बसवायचं, वॉचमन ठेवायचा, कॅमेरे लावायचे. नाना एकटेच विरोधात होते. "कॅमेरा बघतो, पण धावून येत नाही," असं त्यांनी अध्यक्षांना तोंडावर सांगितलं होतं. त्यावरून चर्चा सुरू झाली होती की नानांचा विरोध फुकटचा नसणार, वस्तीच्या बाजूला त्यांचा एखादा प्लॉट असणार.

रविवारी सकाळी ओपन स्पेसमध्ये मीटिंग झाली. भिंतीचा विषय आला तसे नाना उभे राहिले. अध्यक्ष म्हणाले, "नाना, बसा. आधी एक सांगा. तुमच्या वहीत काय आहे?"

नाना थांबले. मग त्यांनी मान वळवून आबांकडे बघितलं. फक्त एकदा. आबांना काही कळलं नाही. ते नेहमीसारखे त्यांच्याकडे बघून हसले. त्या हसण्याचा अर्थ नानांनी काय लावला ते मला दिसलं. मी तिसऱ्या रांगेत होते.

"वही पाहिजे?" नाना म्हणाले. पिशवीतून काढली आणि दिली. "वाचा. मोठ्यानं वाचा."

अध्यक्षांनी वाचली. चौदा नंबरच्या वहिनी, सहा वीस, गिरणीच्या कोपऱ्यावर पाय उचलले. नऊ नंबरची मुलगी, क्लासहून, फोन कानाला लावला पण बोलत नाही. वरची, सहा पन्नास. चार पानं होईपर्यंत पुरुष उठून उभे राहिले होते.

"तुम्ही आमच्या बायकांची नोंद ठेवता?"

"लाज वाटत नाही का या वयात?"

"ऐका तर!" नाना म्हणाले. "पाय कुठं उचलले ते बघा! बाई जिथं पाय उचलते तिथं रस्ता बिघडलेला असतो. त्या मुख्य रस्त्यावर दोन्हीकडून उंच भिंती, एक खिडकी उघडत नाही, गिरणीला पत्रे मारलेले. तिथं सगळ्या पळतात. आणि बोळात? बोळाची पानं वाचा ना! बोळात कोणी पाय उचलत नाही. तिथं माणसं असतात. तुम्ही चांगली वाट बंद करून खराब वाटेला कुलूप लावताय!" आवाज चढला तशी त्यांची भाषा सुटली. "अरे, मी काय वाईट लिखेल शे का? मी रस्ता मोजी ऱ्हायनू रे!"

कुणी ऐकलं नाही. बोळाची पानं वाचली गेली नाहीत. चौदा नंबरच्या वहिनी खाली बघत होत्या. त्यांची नोंद त्या वहीत कशी आली याची त्यांना लाज वाटत होती. पण मला वाटतं, त्यांनाही कळलं होतं. गिरणीपाशी पाय उचलतो हे आम्हाला, पायांच्या मालकिणींना, वही वाचली जाईपर्यंत ठाऊक नव्हतं, आणि आता ते खरं आहे हे ठाऊक झालं होतं. तिथल्या एका बाईनं उठून 'हो, मी तिथं घाबरते' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी उठू शकत होते. माझी तर तीन पानं होती. मी माझ्या चपलांकडे बघत बसले.

हात वर झाले. महिन्याभरात बोळाच्या तोंडावर भिंत उभी राहिली.

भाजीवाल्या बायका येईनाशा झाल्या. बोळात गिऱ्हाईक उरलं नाही, आणि कॉलनीत यायला त्यांना हायवेनं वळसा पडायचा. आता सगळ्यांनाच मुख्य रस्ता. वॉचमन गेटवर खुर्चीत मोबाईल बघत असायचा आणि गिरणीचा कोपरा गेटच्या बाहेर राहिला होता. नाना मात्र रोज संध्याकाळी त्या कोपऱ्यावर जाऊन बसायचे. वही नव्हती. ती अध्यक्षांनी परत केलीच नाही. लोक त्यांच्याकडे बघून मुलींचा हात धरायचे. एकदा कुणीतरी त्यांची खुर्ची नाल्यात टाकली. दुसऱ्या दिवशी नाना लोखंडी घडीची खुर्ची घेऊन गेले.

मी त्यांच्याशी बोलणं कमी केलं होतं. शरम होतीच, पण खरं सांगायचं तर शंकाही पुरती गेली नव्हती. रस्ता मोजायचा तर मेथी घेतल्याची नोंद कशाला, हा प्रश्न मला आजही पडतो.

हिवाळ्यात, लवकर अंधारतं त्या दिवसांत, मी स्टॉपवरून येत होते. मोटारसायकलवरचे दोघं हळू झाले. एकानं पत्ता विचारला. मी सांगितला. ते पुढे गेले, वळले, आणि परत आले. दोन्ही बाजूंना उंच भिंती. मला ओरडता येईना.

"कोण पाहिजे रे तुमले?"

कोपऱ्यावरून नाना उठून येत होते, घडीची खुर्ची हातात धरून. "कोणतं घर? सांग ना, मी दाखवतो. नाव काय तुझं? गाव कोणतं?" ते एकामागून एक विचारत गेले, जणू सातबारा लिहून घेताहेत. गाडी निघून गेली.

मला रडू आलं. "नाना, तुम्ही माझ्यासाठी..."

"तुझ्यासाठी नाही बसलो," ते तुटकपणे म्हणाले. "कोपऱ्यासाठी बसलो."

आम्ही घराकडे चालू लागलो. सांगायची ती वेळ होती. मी तोंड उघडलंही. पण तेच आधी बोलले. "वीस वर्षं ज्याच्यासोबत चहा प्यालो, त्यानं वहीचं बाहेर सांगितलं. दुसऱ्या कोणी वाचलीच नव्हती. आबानं. मला वाटायचं मी माणूस ओळखतो."

मी तोंड मिटलं. त्या शंभर पावलांत मी जितकी गप्प राहिले तितकी आयुष्यात कधी राहिले नसेन.

पुढच्या आठवड्यात गवंडी आला. नानांनी मधली भिंत उंच करायला घेतली. आबा पलीकडून म्हणत होते, "काय झालं ते सांग तरी! काय केलं मी?" नाना गवंड्याला ओळंबा धरून दाखवत होते. आबा तिसऱ्या दिवशीही विचारत होते, तेव्हा विटा त्यांच्या छातीपर्यंत आल्या होत्या. मग त्यांचं डोकंच दिसायचं. मग तेही दिसेना. सुट्टीच्या दिवशी चार वाजता मला गॅलरीतून दोघं दिसायचे. भिंतीच्या अलीकडे एक कप, पलीकडे एक कप. एकमेकांना ते दिसत नव्हते. मलाच दिसत होते.

मला शिरपूरला बदली मिळाली तेव्हा सामान बांधून झालं आणि मी खाली गेले. आता तरी सांगायचंच, असं ठरवून. सगळं सांगितलं. जिना, वही, अध्यक्षांची बायको. "आबांनी काही केलं नाही नाना. मी केलं."

नानांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मोजत असावेत असं. मग हळूच हसले.

"आबानं पाठवलं ना तुला?"

"नाही हो! खरंच मी..."

"हुशार आहे. स्वतः येत नाही, जाणाऱ्या पोरीला पुढं करतो. तू निघालीस, तुला काय फरक पडतो. हो ना?" त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तू तशी नाहीस. मी तुला रोज येताना-जाताना बघितलं आहे."

मी शपथ घेतली. आईची घेतली. त्यांना आणखीच खात्री पटली. "इतकी शपथ खोट्यासाठीच घेतात," म्हणाले, आणि टेम्पोवाल्याला कपाट नीट उचलायला सांगायला बाहेर गेले.

टेम्पो सामान भरून उभा होता. मी शेजारच्या फाटकातून आत गेले. आबा भिंतीला पाठ लावून बसले होते, चहाची वेळ झाली होती. त्यांनाही सगळं सांगितलं. नानांना सांगितल्याचं, आणि त्यांनी न मानल्याचंही. आबा ऐकत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर आधी नुसती सुटका दिसली. आपल्यावर कशाचा आळ आहे हे त्यांना इतक्या महिन्यांनी कळलं होतं.

"म्हणजे वहीमुळे," ते म्हणाले. "मी समजत होतो, त्याच्या मुलाच्या लग्नात मी काही बोललो असेन. किती शोधलं मी."

मग कप खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. अगदी सरळ विचारावं तसं विचारलं.

"तू सांगून मोकळी झालीस, ताई. आता मी काय करू?"

टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. मी त्यांच्या पाया पडले आणि निघाले.